जाळं बंद, नाला चालू

नदीत मासे मेले की बातमी होते. पांढरी पोटं वर करून तरंगणाऱ्या माशांचा फोटो छापून येतो, कोणीतरी येऊन पाण्याचे नमुने नेतं, चार दिवस काठाला वास राहतो आणि पुढच्या पाण्यात सगळं वाहून जातं. माझी सगळी नोकरी मत्स्यबीज केंद्रात, म्हणजे माशांच्या बाळंतपणात गेली. त्यामुळे असा फोटो पाहिला की माझ्या मनात वेगळाच हिशोब सुरू होतो. मेलेल्या माशांचा पंचनामा होतो. जे जन्मालाच आले नाहीत, त्यांचा कोण करणार? प्रदूषणाने केलेलं मोठं नुकसान या दुसऱ्या खात्यात जमा होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मी इंदापूर तालुक्यातली, भीमेकाठच्या भोई घरातली. आमचे अण्णा नदीत जाळं टाकायचे, आई मासळी घेऊन बाजाराला जायची. १९८० मध्ये उजनीचं धरण पूर्ण झालं, आमच्या नदीचा जलाशय झाला, आणि त्याच सुमारास प्राणिशास्त्र शिकून मी नोकरीला लागले. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत प्रत्येक पावसाळा माशांची अंडी, त्यातून निघणारं जिरं आणि जिऱ्याची वाढून होणारी बोटुकली यांच्यातच गेला. तिथे जे शिकले, ते नदीला लावून पाहिल्यावर जे दिसतं, ते इथे मांडते आहे.

मिनिटभराचं भवितव्य

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांमधले मासे. पावसाचं वाहतं, फुगलेलं पाणी मिळाल्याशिवाय ते अंडी सोडत नाहीत. तळ्यात पोसलेल्या मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण तिथेच थांबतात. पाण्याला ओढ आली, गारवा आला की मेंदूला खूण पटते. मेंदू त्याच्या खालच्या पियुषिका ग्रंथीला कामाला लावतो, ती रक्तात संप्रेरकं सोडते, आणि मग अंडाशय आणि वृषण जागे होतात. ही खूण माणसालाही देता येते, हे डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे सिद्ध केलं. माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी कार्प माशांची वीण करून दाखवली. म्हणूनच १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन असतो.

आता अर्काच्या जागी तयार इंजेक्शन मिळतं. किलोभर वजनाच्या मादीला साधारण अर्धा मिलिलिटर पुरतं. त्यातलं प्रत्यक्ष संप्रेरक ग्रॅमच्या लाखाव्या भागाइतकंच असतं. संध्याकाळी नर-मादीला टोचून टाकीत सोडलं की पहाटेपर्यंत पाणी घुसळून निघतं आणि एकेक मादी लाखांनी अंडी सोडते. संप्रेरकाचा एवढासा थेंब केवढं काम करतो, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. हे प्रमाण ध्यानात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

अंडं पाण्यात पडलं की फुगू लागतं. त्याच्या आवरणाला शुक्राणू आत शिरण्यापुरतं एकच बारीक छिद्र असतं, आणि अंडं फुगता फुगता ते मिटतं. नराचे शुक्राणू त्याच्या शरीरात असेपर्यंत निपचित असतात. गोड्या पाण्याचा स्पर्श झाला की धावू लागतात आणि जेमतेम मिनिटभरात दमून थांबतात. पुढच्या पिढीचं सगळं भवितव्य त्या मिनिटावर उभं असतं. आपल्याकडे गर्भ आईच्या पोटात सुरक्षित असतो. माशाच्या अंड्याभोवती त्या क्षणी फक्त पाणी असतं. त्या पाण्यात तांबं, पारा, कॅडमियम असे धातू असले की शुक्राणूंची धाव मंदावते. अंडी पडलेली दिसतात, पण ती फळत नाहीत.

फळलेलं अंडं पारदर्शक राहतं, आत जीव हलताना दिसतो. मेलेलं अंडं पांढरं पडतं. एका वर्षी पहिल्या जोरदार पावसानंतर आमच्या टाकीत सगळीकडे पांढरंच पांढरं दिसायला लागलं. जी थोडी अंडी फुटली, त्यातल्या कित्येक पिल्लांचे कणे वाकलेले होते. पाणी कालव्याचं होतं, आणि वरच्या अंगाच्या फवारणी झालेल्या शेतांचं वाहून आलेलं पाणी त्याच कालव्यात उतरत होतं. आम्ही कालवा बंद केला, विहिरीचं पाणी उंच टाकीत चढवून, त्यात हवा खेळवून वापरलं. मासे त्याच तळ्यातले, इंजेक्शन त्याच खोक्यातलं, हात तेच. पुढची खेप पारदर्शक उतरली. आमच्याकडे दुसरं पाणी होतं म्हणून आम्ही सावरलो. नदीतल्या मादीला दुसरं पाणी कुठून मिळणार?

पहिला लोंढा

मृगाचा पाऊस पडला की चढणीचे मासे निघतात, हे खेड्यातल्या पोरालाही माहीत असतं. नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्या-नाल्यांत, पाणी साचलेल्या खाचरांत शिरतात आणि उथळ, ताज्या पाण्यात अंडी सोडतात. हजारो वर्षांचा हा ठरलेला वेळ आहे. पहिल्या पावसाचं पाणी थंड असतं, त्यात प्राणवायू भरपूर असतो, आणि पिल्लांना लागणारे सूक्ष्म जीव त्यात लवकर वाढतात.

आपण नेमका हाच वेळ नासवला आहे. आठ महिने नाल्यात साचलेला गाळ, रस्त्यावरचं तेल, उकिरड्याचं पाणी, शेतातली औषधं आणि खतं, हे सगळं पहिल्या लोंढ्याबरोबर एकदम नदीत येतं. साठवून ठेवलेलं दूषित पाणी पावसाच्या आडोशाने सोडून देणारेही असतात. मासा ज्या पाण्याची वर्षभर वाट पाहतो, तेच पाणी वर्षातलं सगळ्यात घाणेरडं पाणी होऊन बसतं.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिॲटलच्या परिसरात, याचा फार मोठा पुरावा सापडला. तिथे कोहो नावाचा सामन मासा समुद्रातून ओढ्यांमध्ये अंडी घालायला येतो. शहरातल्या ओढ्यांत पाऊस पडला की हे मासे गरगर फिरून काही तासांत मरायचे, आणि माद्या पोटात अंडी घेऊनच जायच्या. संशोधकांनी बरीच वर्षं शोध घेतला आणि २०२० मध्ये कारण सापडलं. गाड्यांच्या टायरचं रबर टिकावं म्हणून त्यात एक रसायन घालतात. झिजलेल्या टायरची धूळ रस्त्यावर पडते, हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्या रसायनाचं विष बनतं आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. कारखाना नाही, गटार नाही, नुसता रस्ता. आपल्या नद्यांच्या काठाने किती रस्ते आहेत, याचा विचार करावा.

श्वास

हवेत एकवीस टक्के प्राणवायू आहे. पाण्यात तो फार थोडा विरघळतो. पंचवीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर, तीस अंशांना साडेसात. तेवढ्यावर मासा जगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान चार मिलिग्रॅम प्राणवायूची अट आहे.

आता घरातल्या सांडपाण्याचं बघू. एक लिटर मैलापाणी कुजवायला जिवाणूंना दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे एक लिटर मैलापाणी पंचवीस ते पस्तीस लिटर नदीचा श्वास खाऊन टाकतं. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं काळं पाणी प्रक्रियेविना सोडलं, तर त्याचा आकडा चाळीस हजारांच्या पुढे जातो, आणि त्याचा एकेक लिटर पाच हजार लिटर नदी नासवतो. मासे मेल्याच्या बातम्यांमागे बहुतेक वेळा हाच हिशोब असतो. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात आणखी एक धोका असतो. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री तोच वापरतं, त्यामुळे पहाटे पाणी सगळ्यात रिकामं असतं. तळ्याचा मालक म्हणूनच पहाटे काठावर चक्कर मारतो. मासे तोंड वर काढून घुटके घेताना दिसले की पंप सुरू करायची घाई होते.

प्राणवायू असला तरी तो घ्यायला कल्ले धड हवेत. कल्ल्याची पानं इतकी पातळ असतात की रक्त आणि पाणी यांच्यामध्ये केसापेक्षाही बारीक पडदा राहतो. मैलापाण्यातला अमोनिया हा पडदा सुजवतो. इथे पाण्याचा सामू फार महत्त्वाचा आहे. सामू सात असेल तर अमोनियातला शेकडा एक भागही जहाल रूपात नसतो. शेवाळामुळे दुपारी सामू नऊवर गेला की तिसऱ्या भागाहून जास्त अमोनिया जहाल होतो. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त तपकिरी होतं आणि प्राणवायू वाहून नेत नाही. बाजारात मासा घेताना कल्ला उघडून त्याचा लाल रंग बघायची आपली रीत आहे. त्या लाल रंगात माशाची सगळी तब्येत लिहिलेली असते.

अशा पाण्यात मासा मरत नाही, तेव्हाही तो आजारी असतो. १९८८ मध्ये ईशान्य भारतातून अंगावर लाल चट्टे पडणारा, मांस सडवणारा बुरशीजन्य रोग आपल्या देशात शिरला आणि मरळ, मांगूर यांना त्याने फार झोडपलं. बुरशी हे त्याचं मूळ कारण, पण ज्या माशाची त्वचा आणि प्रतिकारशक्ती आधीच खचलेली असते, त्यात तिला सहज वाट मिळते.

आणि आजारी मासा वीण टाळतो. अंडी बनवणं हे माशाच्या शरीरातलं सगळ्यात खर्चाचं काम आहे. विष निचरायला आणि श्वास घ्यायलाच ताकद संपली, तर मादी पोटातली अंडी पुन्हा शोषून घेते. २००३ मध्ये हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी, ज्याला आमचे मच्छीमार सायप्रिनस म्हणतात, त्या कॉमन कार्पवर प्रयोग केला. कमी प्राणवायूच्या पाण्यात ठेवलेल्या माशांची लैंगिक संप्रेरकं बिघडली, शुक्राणू मंदावले, अंडी कमी फळली. कसलंही विष घातलेलं नव्हतं, फक्त श्वास अपुरा होता. माणसं म्हणतात, मासे काही मेले नाहीत, म्हणजे पाणी ठीक आहे. त्या वर्षी पिल्लं किती झाली, हे कोणी विचारत नाही.

नर राहिले नाहीत

पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर तीनेक दिवस काही खात नाही. आईने अंड्यात बांधून दिलेली बलकाची शिदोरी त्याला पुरते. हा बलक ज्या प्रथिनापासून बनतो, ते मादीच्या यकृतात तयार होतं. स्त्री-संप्रेरकाचा, म्हणजे इस्ट्रोजेनचा इशारा मिळाल्याशिवाय यकृत ते बनवत नाही. नराच्या यकृतालाही ही विद्या येते, पण त्याला तसा इशारा कधी मिळत नाही, म्हणून ती जन्मभर झोपलेली राहते.

इंग्लंडमध्ये मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या अंगाला पिंजऱ्यात ठेवलेल्या नर माशांच्या रक्तात हे बलकाचं प्रथिन सापडू लागलं. १९९८ मध्ये तिथल्या नद्यांमधल्या रोच नावाच्या माशांची पाहणी प्रसिद्ध झाली. काही ठिकाणी तपासलेल्या प्रत्येक नराच्या वृषणात मादीपणाच्या खुणा होत्या, कित्येकांच्या वृषणात चक्क अंडी वाढत होती. हे पाणी प्रक्रिया केलेलं होतं. पण माणसाच्या लघवीतून जाणारी नैसर्गिक संप्रेरकं आणि गर्भनिरोधक गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेन साध्या प्रक्रियेत पूर्ण निघत नाहीत. काही साबण-डिटर्जंटमधली रसायनंही शरीरात शिरून इस्ट्रोजेनचंच काम करतात.

एखाद्या नराच्या वृषणात अंडी दिसली म्हणून काय बिघडलं, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर कॅनडात मिळालं. ओंटारियो प्रांतात संशोधनासाठी राखलेल्या तलावांपैकी एकात डॉ. कॅरन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ अशी तीन वर्षं गोळीतलं इस्ट्रोजेन मिसळलं. प्रमाण लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम. दहा हजार लिटरचे वीस हजार टँकर भरले आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम टाकला, तर जवळपास एवढं प्रमाण होईल. तेवढ्याने नर मासे अंड्याच्या बलकाचं प्रथिन बनवू लागले, त्यांच्या वृषणांची वाढ खुंटली, आणि फॅटहेड मिनो ही छोट्या माशांची जात त्या तलावातून जवळजवळ नाहीशी झाली. एकही मासा तरंगत वर आला नाही, कसलाही वास सुटला नाही. पिल्लं होणं थांबलं आणि म्हातारे मासे आपल्या वेळेला मेले, एवढंच. त्यांच्यावर जगणाऱ्या मोठ्या ट्राउटचीही उपासमार झाली. संप्रेरक टाकणं थांबवल्यावर काही वर्षांत मिनो परत आले. या प्रयोगातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला वाटते. पाणी सुधारलं तर मासा परत येतो.

"मासळी तर हाय की!"

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी हिरवंगार होतं. तरी बाजारात मासळीचे ढीग लागतात. मी पाण्याबद्दल बोलले की कोणीतरी म्हणतंच, "ताई, मासळी तर हाय की!"

ढिगात काय आहे ते पाहावं. बहुतेक चिलापी असते. हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि पिल्लंही तिथेच सांभाळते. तळाचा गाळ, कमी प्राणवायू यांची झळ तिच्या अंड्यांना फारशी लागत नाही, आणि विणीसाठी तिला पुराची वाटही पाहावी लागत नाही. मांगूर आणि मरळ वर येऊन हवा घेऊ शकतात, म्हणून तेही तग धरतात. ज्यांना वाहतं पाणी, स्वच्छ दगड-वाळूचा तळ आणि पावसाची खूण लागते, ते मागे पडतात. रोहू-कटल्याची बोटुकली आमच्यासारख्या केंद्रांमधून आणून सोडावी लागते. अण्णांच्या जाळ्यात वाम, शिंगटा, खवल्या असे कितीतरी प्रकार एकत्र यायचे. अण्णांबरोबर होडीत बसलेला एक म्हातारा मला म्हणाला होता, "पाणी चढलं तरी आता मासा चढंना."

दख्खनच्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं. तो मासा त्यांना पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या पाण्यात मिळाला होता. जगाला महाशीराची ही जात ज्या नदीने दिली, तिच्यात आज महाशीर शोधायला कोणी जात नाही. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरच्या तिळसे इथे देवाच्या नावाने राखलेले महाशीर अजून आहेत. गावकऱ्यांनी जाळं थांबवून त्यांना वाचवलं. पण वरून येणारं पाणी देवाच्या हद्दीपाशी थांबत नाही, म्हणून त्या डोहांचं भविष्य वरच्या गावांच्या हातात आहे.

मासा खावा की नाही, हे सगळे विचारतात. रोगट दिसणारा, रॉकेलसारखा वास येणारा किंवा मेलेला सापडलेला मासा खाऊ नये. पाऱ्यासारखं विष मांसात मुरतं आणि शिजवून जात नाही. जपानमधल्या मिनामाताचा आजार १९५६ मध्ये समोर आला, तो अशाच मासळीतून आला होता. पण माझं सांगणं एवढ्यावर संपत नाही. आपण खावं की नाही, हा प्रश्न माशाने जन्माला यावं की नाही याच्या नंतरचा आहे.

नाल्यालाही हंगाम लावा

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. खवळलेला समुद्र हे एक कारण, माशांची वीण हे दुसरं. कोळी बांधव ते पाळतात, दोन महिने बोट किनाऱ्याला लावतात. १८९७ च्या मत्स्य कायद्याने पाण्यात विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरवलं आहे. म्हणजे जाळ्याला हंगाम आहे, मच्छीमाराला कायदा आहे. मग त्याच जून-जुलैत नाला का मोकळा?

माझं म्हणणं साधं आहे. विणीचा हंगाम पाण्यालाही लावा. मे महिन्यातच नाल्यांतला गाळ काढा आणि तो काठावर न ठेवता दूर न्या, म्हणजे पहिल्या पावसात तो परत नदीत येणार नाही. पावसाळ्यात शुद्धीकरण केंद्रं पूर्ण ताकदीने चालवा, आणि त्यांचं मोजमाप करताना अमोनियाकडेही बघा. दूषित पाण्याच्या साठ्यांची तपासणी पाऊस पडायच्या आधी करा, कारण नंतर सगळं वाहून गेलेलं असतं. स्वित्झर्लंडने २०१६ पासून मोठ्या केंद्रांना औषधं आणि संप्रेरकं काढणारी ओझोन किंवा सक्रिय कोळशाची प्रक्रिया जोडायला सुरुवात केली आहे. आपल्या मोठ्या शहरांनाही त्याची तयारी करावी लागेल. शेतकऱ्याने पाऊस तोंडावर असताना फवारणी टाळावी आणि ओढ्याच्या कडेला गवताचा पट्टा राखावा. घरातली उरलेली औषधं कोणी मोरीत ओतू नयेत.

मत्स्यबीज केंद्रं जलाशयांत बोटुकली सोडत राहतील, तो आमचा धंदा आहे आणि त्यावर हजारो घरांची चूल पेटते. पण केंद्रातून आणलेल्या माशांवर जगणारी नदी जिवंत म्हणायची नसते. जिचे मासे तिच्याच पाण्यात जन्मतात, ती जिवंत नदी. म्हणून पुढच्या मे महिन्यात आपल्या नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला एकच प्रश्न लेखी विचारा: पहिल्या पावसात आपल्या गावातलं किती पाणी प्रक्रियेविना नदीत जाणार आहे, आणि ते अडवायला तुम्ही काय केलं आहे? उत्तरही लेखीच घ्या, आणि पाऊस पडल्यावर नाल्यावर जाऊन ते तपासा.